३ मोबाईल, ३८ पोरं आणि ४० मिनिटांचा तास

टीचर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, सहावी-सातवी मिळून ३८ पोरं, एसडीएमसीनं, म्हणजे शाळेच्या पालक समितीनं, कुठून तरी मिळवून दिलेला एक स्मार्ट टीव्ही, दोन कॉम्प्युटर आणि त्यातला एक लाईट जरा खालीवर झाली की मान टाकणारा, पालकांकडनं जास्तीत जास्त ३ मोबाईल मिळतील, आणि हेडमास्तरांनी सांगितलंय की गॅदरिंगला पोरांचं काहीतरी डिजिटल आर्ट दिसलं पाहिजे. तुम्ही विचारलंय सॉफ्टवेअर कुठलं शिकवू, किती आठवडे लागतील, मार्क कसे द्यायचे. आणि शेवटी लिहिलंय, यंत्रंच नाहीत तर शिकवणार काय सर.

त्या शेवटच्या वाक्यापासनंच सुरू करतो कारण माझं मत नेमकं उलटं झालंय. २२ वर्षं ड्रॉइंग शिकवतोय, त्यातली शेवटची १२ मोबाईल-कॉम्प्युटर घेऊन. त्या १२ मधल्या पहिल्या वर्षी मला एका शाळेत बऱ्यापैकी कॉम्प्युटर रूम मिळाली होती, आणि मी काय केलं तर ३ आठवडे सॉफ्टवेअरचा मेन्यू शिकवला. हा ब्रश, हे लेयर, इथं क्लिक केलं की रंग भरतो. एका मशीनला ६ पोरं. माऊस ज्याच्या हातात तो शिकला, बाकीच्या पाच जणांनी त्याची मान बघितली. शेवटी प्रत्येक मशीनवर एकच चित्र तयार झालं, मावळता सूर्य, दोन नारळाची झाडं आणि खाली इंद्रधनुषी अक्षरात हॅपी न्यू इयर. मला अजून आठवलं की लाज वाटते. त्याच वर्षी मागच्या बाकावरची एक पोरगी, नंबर येईना म्हणून कंटाळून, जुन्या रफ वहीच्या कोपऱ्यात पानापानावर एक माकड काढत बसली होती, पानं फर्रकन सोडली की माकड झाडावर चढायचं आणि खाली पडायचं. वर्षभरात झालेलं खरं ऍनिमेशन तेवढं एकच, आणि तिनं कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला नव्हता.

तेव्हापासनं माझा हिशेब बदलला. यंत्रापुढं किती वेळ मिळाला ते मी मोजतच नाही, यंत्राची वाट बघणारी पोरं काय करतात तेवढं बघतो. चित्र रांगेत तयार होतं, मशीनवर ते फक्त उतरवून घ्यायचं असतं. त्यामुळं ३ मोबाईल कमी नाहीत हो, ३८ मोबाईल असते तर तुमचं खरं अवघड झालं असतं.

आता कामाचं. ३८ जणांचे ६ गट करा, चार गट सहाचे, दोन गट सातचे. ३ गट मोबाईलवर, ३ गट कागदावर, पुढच्या तासाला उलट. गटात कोण काय करणार ते नावानिशी ठरलेलं पाहिजे, एकजण बटण दाबणारा, दोघं वस्तू हलवणारे, एकजण वहीत नोंद करणारा, एकजण उजेड आणि खिडकी बघणारा, एकजण आवाजाचा. आणि हे काम दर तासाला फिरलं पाहिजे, हजेरीच्या नंबराप्रमाणे, पोरांना आपसात ठरवू दिलं तर काय होतं सांगतो, मोबाईल पोरग्यांच्या हातात जातो आणि वही पोरींच्या. घरी मोबाईल पोरग्याला मिळतो त्यामुळं त्याला सवय असते आणि पोरी आपणहून मागं सरतात, भांडत नाहीत म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. माझ्या लक्षात यायला ४ वर्षं लागली.

पहिला तास मी कधीच ऍप उघडून घेत नाही. मोबाईलचा स्क्रीन पांढरा करायचा, बोट ओलं करून त्याच्यावर अगदी बारीक थेंब सोडायचा, मोहरीएवढा, आणि जवळून बघायचं. थेंब भिंगासारखं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके दिसतात. पांढरा कुठंच नाही! मग स्क्रीनवर पिवळा रंग आणून परत बघायला लावा, तिथं लाल आणि हिरवे ठिपके पेटलेले असतात, पिवळा नावाला नसतो. लगेच रंगपेटीतला लाल आणि हिरवा मिसळायला सांगा, चिखल होतो. एवढ्यावर अर्धा तास वाद चालतो आणि चालू द्यायचा. उजेडाचे रंग मिसळले की वाढतात, रंगपेटीतले मिसळले की एकमेकांचा उजेड खातात, हे पोरं स्वतःच्या शब्दात सांगतात. मग घरी येणाऱ्या पेपरातला रंगीत फोटो भिंगातनं बघायला लावायचा, तिथं आकाशी, गुलाबीसर, पिवळे आणि काळे ठिपके. एकदा आमच्या पोरांनी कॉम्प्युटरवर झगझगीत पोपटी रंगात बॅनर केला आणि प्रिंट आला तो मळका, पोरं दुकानदारावर चिडली, पण त्याची काय चूक, स्क्रीनवरचे काही रंग शाईत उतरतच नाहीत. हे आधी थेंबात बघितलं असतं तर पोपटी निवडलाच नसता.

दुसरा-तिसरा तास चौकटीच्या कागदावर. पिक्सेल, म्हणजे डिजिटल चित्राचं एकेक घर, हे फळ्यावर सांगत बसू नका, आजीचं इरकल लुगडं आणायला सांगा. ज्यांच्या घरी कसुतीचं, म्हणजे आपल्याकडच्या त्या हातभरतकामाचं, लुगडं असेल त्यांनी ते आणायचं, आपल्या भागात एका वर्गात एक तरी निघतंच. कसुतीत कापडावर आधी चित्र काढत नाहीत, धागे मोजून टाके घालतात, गाठ मारत नाहीत, आणि गवंती टाका असेल तर दोन्ही बाजूनं सारखंच दिसतं. गोपूर, रथ, पालखी, तुळशी वृंदावन, हत्ती, सगळं मोजणीवर. म्हणजे आजी पिक्सेल आर्टच करत होती की. बेळगावात वडगाव-खासबागला ज्यांचे पाहुणे मागावर आहेत त्या पोरांना जकार्ड माहीत असतं, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेली ही युक्ती पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली, सुरुवातीच्या कॉम्प्युटरना माहिती भोकांच्या कार्डावरच द्यायचे. पोरांना एकदा माग बघायला नेता आलं तर न्या, त्या एका चकरेत माझी ५ लेक्चरं वाचतात.

मग १६ बाय १६ चौकटी आखायच्या, २५६ घरं, प्रत्येकानं एक नक्षी काढायची, फक्त काळं-पांढरं. झाली की ती आकड्यात लिहायची, पहिली ओळ ५ पांढरे ६ काळे ५ पांढरे, दुसरी ओळ ४, ८, ४ असं. आता तो आकड्यांचा कागद दुसऱ्या गटाला द्यायचा आणि त्यांनी चित्र न बघता रंगवायचं. फॅक्स मशीन चित्र पाठवायचं ते साधारण असंच, किती ठिपके पांढरे आणि किती काळे त्याचे आकडे पाठवून. आमच्याकडे एकानं घाईत ७ च्या जागी १ लिहिला आणि हत्तीची सोंड पाठीवर गेली. तेव्हापासनं वर्गात फाईल करप्ट झाली असं न म्हणता सोंड पाठीवर गेली म्हणतात. या कामाला मोबाईल लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, त्यामुळं रांगेतल्या गटांना हे द्यायचं. ज्याचा नंबर लागेल तो तीच नक्षी कॉम्प्युटरवर साध्या पेंटमध्ये मोठी करून घेतो, त्याला १० मिनिटं पुरतात कारण विचार कागदावर झालेला असतो.

आता मुख्य जेवण, स्टॉप मोशन. गॅदरिंगला दाखवायला याच्यासारखं काही नाही आणि ३ मोबाईलवर आरामात होतं. एक वस्तू ठेवायची, फोटो काढायचा, जरा सरकवायची, परत फोटो, आणि ऍपमध्ये सगळे फोटो पटापट दाखवले की वस्तू चालायला लागते. दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा काढायच्या आधी हेच केलं होतं, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात घेतली, ते दाखवून सिनेमासाठी पैसे उभे केले. हे पोरांना सांगा, आणि खरंच एक गट हरभरा पेरून बसवा, रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक फोटो, कुंडी आणि मोबाईल ठेवायच्या जागेला खडूनं खुणा करून. रविवारचा खड्डा पडतो, पडू दे.

हिशेब असा. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, हातानं काढणारे बरेचदा एक चित्र दोनदा वापरून १२ वर भागवतात, आपण ८ वर भागवायचं, पोरांच्या डोळ्याला चालतं आणि जरा झटके बसतात ते गोडच दिसतात. १५ सेकंदाची फिल्म म्हणजे १२० फोटो. ४० मिनिटातली १० मांडण्यात जातात, ५ आवरण्यात, उरलेल्या २५ मध्ये चांगला गट मिनिटाला ३ फोटो काढतो, म्हणजे एका तासात ७५ च्या आसपास. दोन तासात फिल्म तयार. कुणी ३ मिनिटांची शिवकालीन लढाई करतो म्हणाला तर हा हिशेब त्याच्याकडनंच फळ्यावर करून घ्या, १४४० फोटो आकडा बघितला की घोडदळ कमी होतं.

वस्तू कुठल्या? मातीची माणसं करायचा मोह सगळ्यांना होतो, खानापूरची माती म्हणजे नाव आहे, कुंभारकामाला आणि कौलांना. पण माती दुसऱ्या तासाला वाळते, मान मोडते, आणि पोरं नंतर सगळा वेळ मान चिकटवण्यात घालवतात. पहिल्या फिल्मला चिंचोके. पडत नाहीत, मोडत नाहीत, फुकट मिळतात आणि २०-२५ चिंचोके एका रांगेत चालायला लागले की मुंग्या होतात, गोल फिरले की जत्रेतला पाळणा. वर्गातली पहिली किंकाळी "सर, हलायलंय! हलायलंय ओ!" ही मी दरवर्षी चिंचोक्यांवरच ऐकलीय. दुसऱ्या फिल्मला कापलेला कागद, हातपाय वेगळे कापून दोऱ्यानं जोडलेली माणसं. माती तिसऱ्यांदा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून.

मोबाईल वरनं खाली बघणारा असा बांधायचा. दोन बाजूला पुस्तकांचे सारखे ढीग, वर एक लाकडी पट्टी किंवा फळी, मोबाईलचा कॅमेरा कडेबाहेर, वर एक वीट नाहीतर दप्तर वजनाला. स्टँड विकत घेऊ नका. आणि या चार गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या म्हणून मी २ वर्षं घालवली. एक, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाईलवर फोकस आणि उजेड लॉक होतो, ते नाही केलं तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा आणि फिल्म लुकलुकते. दोन, पावसाळ्यात आपल्याकडे ढग कसे येतात जातात माहीत आहे, खिडक्या लावून घ्या आणि बल्बवर करा, ट्यूबलाईट आपल्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्यात पट्टे येतात. तीन, पांढरा शर्ट. ही मला शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, युनिफॉर्मचा पांढरा शर्ट घालून पोरगा वाकला की त्याच्या शर्टाचा उजेड कागदावर पडतो, पुढच्या फोटोला तो मागं असला की कमी होतो, त्यामुळं फोटो काढताना सगळ्यांनी एक पाऊल मागं, नोंदवाला "मागं" म्हणून ओरडेल, मगच बटण. चार, मोबाईल एरोप्लेन मोडवर. गोव्याला कामाला असलेल्या एका बाबांचा भर शूटिंगमध्ये फोन आला, व्हायब्रेशननं मोबाईल सरकला आणि ९० फोटोंनंतरची चौकट हलली ती परत जुळलीच नाही. त्या गटानं मग गोष्टच बदलली, तिथं भूकंप झाला असं दाखवलं. मी पैकीच्या पैकी दिले.

हलवण्याचं एक गुपित आहे ते मात्र शिकवाच. स्टँडवरनं बस सुटताना बघायला सांगा, ती आधी हळू, मग जोरात, थांबताना परत हळू. चिंचोका पण तसाच, सुरुवातीला २-३ मिलीमीटर, मध्ये बोटभर, शेवटी परत थोडं. एकदा हे कळलं की पोरांच्या फिल्ममध्ये जीव येतो, नाहीतर वस्तू घसरत जातात. कागदावरचा गट हेच पट्टीवर खुणा करून आधी आखतो, आणि तो कागद चौकटीखाली ठेवून शूटिंगवाले वापरतात. बघा, परत रांगेतलीच पोरं कामाला आली.

आवाज. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि गॅदरिंगला माणसं फिल्म खराब दिसली तर चालवून घेतात, ऐकू आली नाही तर गप्पा मारायला लागतात. वर्गात रेकॉर्ड करू नका, आवाज घुमतो. आमची सगळ्यात चांगली रेकॉर्डिंग रूम म्हणजे दुपारच्या जेवणाच्या तांदळाची खोली, पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही, स्वयंपाकाच्या अक्कांना विचारून दाराला गोणपाट लावायचं. मोबाईल तोंडापासनं वीतभर लांब आणि जरा तिरका धरायचा, समोर धरला तर प आणि फ ला फटफट होतं. बोलायच्या आधी १० सेकंद सगळे गप्प, तो रिकाम्या खोलीचा आवाज नंतर जोडताना लागतो. पावसाचा आवाज ताटात साबुदाणा ओतून, घोड्याच्या टापा नारळाच्या करवंट्यांच्या, आग म्हणजे चुरगाळलेला चॉकलेटचा कागद, हे रांगेतल्या गटाला शोधायला द्या आणि डोळे झाकून ओळखायची शर्यत लावा.

आणि बोलायचं कसं? मोबाईल चालू केला की पोरं एकदम पुस्तकी होतात, "मी शेतावर जात आहे". घरी असं कोण बोलतं? मी सांगतो, आजीला सांगताना जसं सांगशील तसं सांग. मग "आज्जे, मी शेताकडं चाललोय की" असं खरं येतं आणि फिल्म लगेच आपली होते. आमच्या आवारात मराठी आणि कन्नड दोन्ही शाळा आहेत, एका वर्षी दोन्हीकडची पोरं मिळून एक फिल्म केली, कावळा मराठीत बोलतो आणि चिमणी कन्नडमध्ये आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. पाटी कुठल्या भाषेत असावी यावरनं मोठी माणसं भांडतात, पोरांनी तो प्रश्न काढलाच नाही, फक्त चिमणीला जास्त डायलॉग का यावरनं भांडली.

नावाची पाटी मात्र टाईप करायची असेल तर जपून. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये, मराठीतलं श्रीलिपी असो की कन्नडची जुनी नुडी, टाईप केलेलं दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडमध्येच करा, मोबाईलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी-कन्नड दोन्ही आहेत. तरीपण काही व्हिडिओ ऍपमध्ये जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडं जातो. माझा उपाय सोपा आहे, नावं हातानं कागदावर रंगवा आणि फोटो काढून जोडा. सुंदर दिसतं आणि अक्षराचा तास पण होतो. शेवटच्या पाटीत सगळ्या ३८ जणांची नावं, साबुदाणा ओतणाऱ्याचं पण.

गाणी. हे मी चुकलोय म्हणून सांगतो. एका स्पर्धेला पाठवलेल्या फिल्मच्या मागं मी सिनेमातलं गाणं लावलं होतं, नियमात बसत नाही म्हणून परत आली आणि पोरांची तोंडं बघवेनात. कायद्यानं आपल्याकडे लिहिणाऱ्याच्या, चाल लावणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क परत वेगळा, ते बाहेर आलं तिथनं ६० वर्षं. कशाला त्या भानगडीत पडता, गावात भजनी मंडळ आहे, पखवाज आहे, कुणाची तरी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. तिला विचारून, तिचं नाव पाटीत घालून रेकॉर्ड करा.

परवानगीचं अजून एक. पोरांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ बाहेर टाकायचे नाहीत, स्टेटसला पण नाही, शाळेत दाखवायचे असले तरी पालकांची सहीची चिठ्ठी घ्या. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतल्या पोरांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, पण कायदा नसता तरी घ्यायला पाहिजे होती. चिंचोक्यांना सही लागत नाही, हा पण एक फायदा.

फोटोग्राफीला मी एकच प्रोजेक्ट ठेवतो आणि त्यात प्रत्येकाला फक्त ५ फोटो. सहावा काढायचा असेल तर आधीचा एक पुसायचा. मोबाईल हातात आला की पोरं १०० काढतात आणि एकही बघत नाहीत. विषय हात. कुंभाराचे, चप्पल शिवणाऱ्याचे, विणणाऱ्याचे, भाकरी थापणाऱ्या आईचे. चेहरा नको, म्हणजे परवानगी सोपी जाते आणि बघायची सवय लागते. सकाळी ९ च्या आत किंवा ४ नंतरचा उजेड. सहल बेळगावला गेली तर किल्ल्यातल्या कमल बस्तीत नक्की थांबा, १२०४ मधली आहे, छताला दगडात कोरलेलं कमळ आहे त्याच्याखाली पोरांना पाठीवर झोपवून आधी पेन्सिलनं काढायला लावा, फोटो मग. आत उजेड कमी, मोबाईलचे फोटो दाणेदार येतात, पेन्सिलला ती अडचण नाही.

फोटो व्हॉट्सऍपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की तो दाबून लहान करतो आणि प्रिंट काढताना रडायची वेळ येते. ए-फोर कागदावर चांगला प्रिंट पाहिजे तर साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात, हे चौकटीचा कागद केलेल्या पोरांना लगेच कळतं. आणि त्याच दिवशी सगळं पेनड्राईव्हवर आणि अजून एका ठिकाणी. एका गटाचे १०० फोटो घरी धाकट्या भावानं गेमला जागा पाहिजे म्हणून पुसले, तेव्हापासनं शाळा सुटायच्या आत कॉपी केल्याशिवाय मोबाईल परत देत नाही.

आता एआयचं, कारण पोरं विचारणारच. सरसकट बंदी घालून उपयोग नाही, यातल्या बऱ्याच ऍपना वयाची अट असते म्हणून मी स्वतः टीव्हीवर चालवून दाखवतो, पोरांच्या हातात देत नाही. अट एवढीच की आधी प्रत्येकानं स्वतः काढायचं. इरकल नेसलेली आजी काढा म्हटलं, पोरांनी काढली, मग एआयला सांगितलं. त्यानं म्हातारी छान काढली पण इरकलीचा टोप-तेणी नक्षीचा लालभडक पदर काही जमला नाही, आणि नेसणं भलतंच, आणि मागं कुठलंतरी सिनेमातलं खेडं. पोरं तुटून पडली त्याच्यावर, २५ चुका काढल्या. एवढं बारकाईनं त्यांनी आजीकडं आधी कधी बघितलं नव्हतं.

मार्क. तयार फिल्मला मी २० पैकी ५ च देतो. १० नोंदवहीला, त्यात पहिली कच्ची चित्रं, फसलेले प्रयत्न, काय बदललं आणि का. ५ गटात दिलेलं काम केलं का त्याला. एफएच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, रजिस्टरला हे सहज बसतं आणि साहेब आले तर दाखवायला वही असते, पेनड्राईव्ह उघडत बसावं लागत नाही. नोंदवहीला जास्त मार्क म्हटल्यावर ज्याच्या घरी भारी मोबाईल आहे त्याचा फायदा पण संपतो.

एखादा पालक येऊन म्हणेल, चित्रं काढून आणि मोबाईल खेळून पोट भरतं काय टीचर. माझ्याकडे येतात तेव्हा मी चित्रकार रवी परांजप्यांचं नाव सांगतो, बेळगावातच जन्मले, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकले आणि पुढं जाहिरात, पुस्तकं, इमारतींची चित्रं यात देशभर नाव केलं. तेवढ्यावर पटतं असं नाही, पण चहा होतो.

सॉफ्टवेअरचं तुम्ही पहिलं विचारलं होतं, मी मुद्दाम शेवटी सांगतोय. मोबाईलवर स्टॉप मोशन स्टुडिओची फुकटची आवृत्ती पुरे. चालणाऱ्या कॉम्प्युटरवर आवाजासाठी ऑडॅसिटी, हातानं ऍनिमेशन करायला पेन्सिल टूडी, फोटोसाठी गिंप, सगळी फुकट. हुशार ४-५ पोरं कंटाळायला लागली की त्यांना स्क्रॅच द्या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या एमआयटीनं २००७ मध्ये पोरांसाठीच काढलेलं, डाऊनलोड करून घेतलं की नेट लागत नाही, चिंचोक्यांच्या जागी प्रोग्रॅमनं मुंग्या चालवतील. लाईटचा भरवसा नाही तर दर ५ मिनिटांनी सेव्ह, एका पोराला तेवढंच काम द्या, घड्याळ बघून ओरडायचं, त्याला ते फार आवडतं.

आठवडे. आठवड्याला २ तास मिळाले तर थेंब आणि चौकटी मिळून २ आठवडे, चिंचोके २, कागदी माणसांची फिल्म ३, आवाज १, जोडणं आणि पाट्या १, आणि एक आठवडा कुणाची तरी जत्रा, कुणाचं लग्न, परीक्षा यात जातोच. एकूण १०. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असेल तर दसऱ्याची सुट्टी संपली की लगेच लागा.

आणि त्या स्मार्ट टीव्हीवर आत्ताच एक व्हिडिओ पेनड्राईव्हवरनं लावून बघा, गॅदरिंगच्या दिवशी नको. एमपीफोर बहुतेक चालतो, पण काही टीव्ही मोठे पेनड्राईव्ह ओळखत नाहीत, काहींना आवाज येत नाही. काय होतंय ते कळवा आणि मागं कुठली कुठली भोकं आहेत त्याचा एक फोटो पाठवा. डॉक्युमेंट म्हणून.